माळ्यावरची होडी

होडी घ्यायची असं ठरल्यावर मी पहिलं काम केलं ते माळा मोजण्याचं. पुण्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात न्हाणीघराच्या डोक्यावर एक माळा आहे. लांबी 90 सेंटिमीटर, खोली 55, उंची 50. त्यात गणपतीचं मखर, गौरीच्या मुखवट्यांचा पत्र्याचा डबा, मुलीच्या शाळेतल्या वह्या आणि कुणीच कधी वाजवायला न शिकलेली एक पेटी. पेटी खाली आली तर होडी वर जाईल, असा माझा हिशेब होता. साडेतीन मीटर लांब, दोन माणसांना वाहून नेणारी होडी एका पेटीच्या जागेत मावते, याचंच मला इतकं अप्रूप होतं की पुढचं काही सुचत नव्हतं.

"पेटीचं मी बघते," बायको म्हणाली. "पण होडी वाळवायची कुठे?"

माझ्याकडे तोपर्यंत एक वही तयार झाली होती. लांबी, रुंदी, वजन, किती किलो भार पेलते, किती दाबाची हवा लागते, झडप कुठल्या जातीची. रेघा मारून रकाने पाडले होते. वाळवण्याचा रकाना त्यात नव्हता. मी विषय बदलला. ती देवबागची आहे, विषय बदललेला तिला लगेच कळतो.

देवबाग म्हणजे मालवणच्या दक्षिणेला गेलेली जमिनीची एक चिंचोळी पट्टी. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी, मध्ये माड आणि घरं. समोरच्या पडवीतून लाटा ऐकू येतात आणि मागच्या दारी उतरलं की खाडीचं संथ पाणी. पट्टीच्या टोकाला नदी समुद्राला मिळते आणि पलीकडे भोगव्याचा किनारा दिसतो. लहानपणी ती मागच्या दारच्या लाकडी होडीतून वल्हवत मावशीकडे जायची, आपण नाक्यावर दूध आणायला जातो तितक्या सहज. ती होडी केव्हाच कुजून गेली. घर आहे, पण वर्षातले अकरा महिने बंद. कडक प्लास्टिकची कायाक घ्यावी तर ती पंचवीस किलोंच्या आसपास, तीन मजले चढवायची, गाडीच्या टपावर बांधून घाट उतरायचा. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि माझ्या उजव्या गुडघ्याला आता स्वतःची मतं आहेत. म्हणून फुगवायची होडी. निवड अशी फारशी नव्हतीच.

पण फुगवायची म्हटलं तरी हवेच्या किती तऱ्हा! स्वस्तातल्या होडीच्या कडेच्या नळ्यांत एक ते तीन पीएसआय दाब असतो. पेट्रोल पंपावर आपण गाडीच्या चाकात तीस-बत्तीस भरतो, त्यापुढे हे म्हणजे फुंकरच. अशा होडीचा तळही तसाच मऊ असतो. माणूस बसला की मध्ये खळगा पडतो, होडी केळ्यासारखी वाकते आणि वल्ह्याचा निम्मा जोर त्या वाकण्यातच जिरतो. त्याहून वरच्या जातीत तळ वेगळ्या कापडाचा असतो. वरच्या आणि खालच्या थराला हजारो बारीक दोऱ्यांनी आतून बांधलेलं असतं. हवा भरली की थर फुगायला बघतात, दोरे त्यांना धरून ठेवतात, आणि आठ-दहा पीएसआयला तो तळ पाटासारखा सपाट आणि टणक होतो. दुकानात मी त्यावर उभा राहिलो. पायाखाली नुसती हवा आहे हे गुडघ्याला पटेना.

खरं तर ही आमची दुसरी होडी. पहिली मी घाईत, चित्र बघून घेतली होती. नाव सांगत नाही. चूक होडीइतकीच माझीही होती. दुसऱ्याच उन्हाळ्यात तिचा एक सांधा सुटला. तिचे सांधे डिंकासारख्या काहीतरी गोष्टीने चिकटवलेले होते आणि मी ती भर दुपारी वाळूवर फुगलेली ठेवून जेवायला गेलो होतो. नंतर बसून गणित केलं तेव्हा उमगलं. सकाळी 27 अंशाला दोन पीएसआय भरलेली हवा उन्हात 57 अंशांवर गेली, तर नळी तेवढ्याच आकाराची धरून दाब पावणेचारच्या आसपास जातो. कारण दाबमापक दाखवतो तो बाहेरच्या हवेपेक्षा वरचा दाब. आत एकूण हवा सोळा-सतरा पीएसआयची असते आणि उन्हाने फुगते ती सगळीच. सकाळी बरोबर वाटलेला आकडा दुपारी जवळजवळ दुप्पट. उलटही होतं: किनाऱ्यावर टणक झालेली होडी थंड पाण्यात टाकली की पाच मिनिटांत जरा सैलावते आणि पंपाचे चार हात पुन्हा मारावे लागतात. तेव्हापासून मी सांधे बघायला लागलो. उष्णतेने वितळवून जोडलेला सांधा आणि नुसता चिकटवलेला, यातला फरक नखाने कळतो. दुकानदाराला ते आवडत नाही.

वही भरत असताना माझ्या हाती हॅल्केट लागला. पीटर हॅल्केट हा ब्रिटिश नौदलातला लेफ्टनंट. मॅकिंटॉशने 1823 मध्ये रबर लावलेल्या कापडाचं पेटंट घेतलं होतं. हॅल्केटने 1840च्या दशकात त्याच कापडाचा एक झगा केला. अंगावर घातला तर झगा, भात्याने हवा भरली तर होडी. हातातली काठी वल्हं व्हायची आणि छत्रीचं शीड. नौदलाच्या वरिष्ठांनी कौतुक केलं, आणि आपल्या कामाची नाही म्हणून सोडून दिली. पण जॉन रे नावाच्या ऑर्कनी बेटांतल्या डॉक्टराने ती उत्तर ध्रुवाकडच्या नद्यांवर खरोखर वापरली. हे मी मोठ्या उत्साहाने बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "झगा वाळत घालता तरी येतो."

हॅल्केटही फार उशिरा आला म्हणायचा. हवा बांधून पाण्यावर तरणं जुनंच आहे. अ‍ॅसिरियाच्या दगडी चित्रांत सैनिक फुगवलेलं कातडं पोटाशी धरून नदी ओलांडताना दिसतात. आपण मराठीत कशाचीही कशाशी सांगड घालतो, पण मूळची सांगड म्हणजे सुके भोपळे किंवा ओंडके एकत्र बांधून केलेला तराफाच. नदी ओलांडणारा माणूस त्या शब्दातून कधी उतरून गेला, कळलंच नाही. माझं पोहणं साताऱ्याकडच्या आजोळच्या विहिरीत झालं, पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून. पांगाऱ्याचं सुकं लाकूड इतकं हलकं की हातात घेतलं तर वजनच लागत नाही; त्याच्यात लाकूड कमी आणि हवा जास्त. मामा काठावर बसून दोर धरायचा. पुढे बिंडा गेला, पत्र्याचा डबा आला, मग ट्रकची ट्यूब. तिच्या झडपेने बरगडीवर ओरखडा उठायचा आणि दिवसभर अंगाला काळ्या रबराचा वास यायचा. दुकानात नव्या होडीची घडी उलगडली तेव्हा तोच वास आला, आणि खरं सांगायचं तर वही तिथेच मिटली. पुढचे सगळे प्रश्न मी दुकानदाराला बरं वाटावं म्हणून विचारले.

तरी एक प्रश्न खरा होता, आणि तो मला देवबागच्या शेजारच्या आबांनी घातला होता, पहिल्या होडीच्या वेळी. आबांचं आयुष्य खाडीत आणि समुद्रात गेलेलं. आमचा पंप चालू असताना ते कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "काय जावयबापू, वारो भरलात मां हिच्यात? मगे वारोच व्हरतलो हिका."

वाऱ्याने भरलेलीला वाराच नेणार. यापेक्षा नेमकं मला कुठल्याही माहितीपत्रकात सापडलं नाही. फुगवलेली होडी पाण्यात बुडत नाही म्हणूनच तिची अडचण: ती पाण्यात बसतच नाही, वर तरंगते. समुद्रातली कडक कायाक पंचावन्न-साठ सेंटिमीटर रुंद असते. हिची रुंदी ऐंशी-नव्वदच्या घरात. त्यामुळे कलंडत नाही, चढता-उतरता येतं, पण वाऱ्याला पकडायला अंग भरपूर. वल्ह्याच्या प्रत्येक हाताला नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, डावी-उजवीकडे डोलते. मागे तळाला माशाच्या परासारखं एक पातं लावतात, ते लावलं की होडी सरळ चालते. पहिल्या होडीच्या वेळी ते पातं मी पुण्यालाच विसरलो होतो आणि खाडीच्या मधोमध आम्ही दोघं भोवऱ्यासारखे फिरत होतो. किनाऱ्यावरच्या पोरांना उन्हाळ्याच्या सुट्टीत इतकं फुकट कधी मिळालं नसेल.

पहाटेपासून सकाळपर्यंत जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहते, दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो. भरतीची वेळ आबा तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट करायची. दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे साडेसातला पूर्ण भरती. नव्या होडीसाठी आम्ही नेमकी दशमीची सकाळ ठरवली होती. साडेसातनंतर ओहोटी मुखाकडे ओढणार, मतलईही तिकडेच ढकलणार, आणि मुखापुढे अरबी समुद्र. आबांनी नुसती मान हलवली. आम्ही तीन दिवस थांबलो. त्रयोदशीला भरती पावणेदहाला. सातला निघालो तर चढतं पाणीच खाडीत आत नेतं आणि उतरतं पाणी घरी आणून सोडतं. वल्हं म्हणजे केवळ सुकाणू. दोघांनीही लाइफ जॅकेट घातलं. पोहता येतं म्हणून बायकोने आढेवेढे घेतले, पण आबांनी तिला मालवणीत दोन वाक्यं ऐकवली, ती इथे छापण्यासारखी नाहीत.

नवी होडी पहिल्यांदा पाण्यात गेली ती त्या त्रयोदशीला. चारशे लिटरच्या वर हवा, दहा मिनिटं पंप, पाठीला घाम. मग अचानक शांतता. कांदळवनाच्या कडेने जाताना पाण्याच्या इतकं जवळ बसलेलो असतो की खाडी डोळ्यांच्या पातळीला येते. खंड्या पुढच्या फांदीवर, आपण जवळ गेलो की तो आणखी पुढच्या फांदीवर, जणू वाट दाखवायचं कंत्राट घेतलेला. बायको पुढे बसली होती. चाळीस वर्षांत वल्हं हाती धरलेलं नसताना तिचे हात आपसूक चालत होते, आणि मागून माझं वल्हं तिच्या वल्ह्यावर आपटत होतं. "तुम्ही थांबा जरा," ती म्हणाली. मी थांबलो. होडी सरळ जायला लागली.

तिनेच मुळांपासून लांब ठेवलं. कांदळाच्या मुळांवर कालवं धरलेली असतात, त्यांची धार पात्यासारखी. लहानपणी तिच्या पोटरीवर उठलेला वण मी लग्नानंतर विचारला होता, तेव्हा ती म्हणाली होती, कालवं. आता तीच धार होडीच्या पोटाखालून जात होती. कडेच्या दोन नळ्या आणि तळ असे तीन वेगळे कप्पे असतात, एक फाटला तरी दोन तारतात, हे मी वहीत लिहिलं होतं. त्या सकाळी मात्र ते आकडे तिच्या पोटरीवर वाचत होतो.

आणि वाळवणं. त्याबद्दल ती पहिल्या दिवसापासून बरोबर होती. खाडीचं पाणी खारं. नळी आणि तळ यांच्यामधल्या खाचेत वाळू शिरते ती तोंडातल्या पानाच्या शिरेसारखी, जिभेला लागते पण निघत नाही. गोड्या पाण्याने धुवायची, मऊ फडक्याने पुसायची, सावलीत वाळवायची. ओली घडी घातली तर पंधरवड्यात कुबट वास आणि काळे ठिपके. देवबागला वेळ पुरत नाही, म्हणून पुण्याला पोचल्यावर गच्ची. तिसऱ्या मजल्यावरून वर, चौदा किलो, मध्ये दोनदा बसून. शेजारच्या काकूंचे साबुदाण्याचे पापड वाळत होते, त्यांनी निम्मं प्लास्टिक गुंडाळून आम्हाला जागा करून दिली आणि विचारलं, "पूर यायचाय का?"

होडी तिथे संध्याकाळपर्यंत राहिली, पापडांच्या शेजारी, नाळ पर्वतीकडे करून. ऊन उतरल्यावर आम्ही वर गेलो. पूर्ण हवा काढून आणलेली असते असं मी समजत होतो, पण एका नळीत थोडी उरली होती. मी झडपेवर बोट ठेवून बायकोला म्हटलं, "ही देवबागची आहे." ती वाकली, झडप दाबली, आणि हवा तिच्या गालावरून गेली.

"रबराचा वास येतोय नुसता," ती म्हणाली, आणि उरलेली हवा निघावी म्हणून त्या नळीवर गुडघा टेकून बसली.