चांदपूरची मरळ

या वीकएंडला मॉल नको, गळ घ्या! तुमसरच्या पुढे सिहोरा आणि तिथून जवळच चांदपूरचा तलाव. टेकडीवर हनुमान, खाली पाणीच पाणी. आम्हाला हवी होती मरळ. गळाला बेडूक लावला, की ती येतेच म्हणे.

पण पाऊस नुकताच लागला होता. काठच्या गवतात लालसर पिल्लांचा घोळका दिसला आणि सोबतच्या ढिवरकाकांनी गळच गुंडाळला. घोळक्याखाली मरळ राखणीला असते, जवळ येईल त्यावर झेपावते. म्हणजे पकडायला एकदम सोप्पी! ती गेली, की पिल्लं इतर माशांच्या पोटात. अमेरिकेतल्या तळ्यांत स्मॉलमाउथ बासचा नरही स्प्रिंगमध्ये घरटं असंच राखतो.

आम्ही दुसऱ्या काठाला सरकलो. दुपारी वरण-भातच जेवलो.