वडिलांचे दोन अंगठे

रायपूरच्या रेल्वे स्थानकाजवळची गुढियारी ही घाऊक व्यापाराची वस्ती. तेथील आमच्या घरी वडिलांना ऐकू येईनासे झाले, तेव्हा नागपूरला दिलेल्या ताईशी त्यांचे फोनवरील बोलणे खुंटले. निरोप लिहावा, तर माझ्या फोनच्या गुळगुळीत काचेवर त्यांचे थरथरते बोट भलत्याच अक्षरावर पडे. दोनदा प्रयत्न करून त्यांनी तो मुकाट्याने बाजूला ठेवला.

पुढे २००९ साली बाजारात आलेला नोकिया एन-९७ मी घरी आणला. त्याचा ३.५ इंची पडदा स्पर्शाने चाले. सरकवला की तो तिरपा उभा राही आणि खालून कळांच्या तीन ओळी प्रकट होत. ३२ गिगाबाइटची साठवण, ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा, यांचे कौतुक मुलांना. वडिलांनी मात्र कळांवरून अंगठा फिरवला आणि ते म्हणाले, "अरे, ही तर माझ्या टाइपरायटरचीच अक्षरे!"

त्यांची सारी नोकरी इंग्रजी टंकलेखनात गेली होती. १८७०च्या दशकातील टाइपरायटरबरोबर आलेला अक्षरांचा क्रम या चिमुकल्या यंत्रातही टिकून होता. दहा बोटांचे काम आता दोन अंगठ्यांवर आले, एवढेच. कळ दबली की नाही, हे न पाहताही अंगठ्याला समजे. त्या रात्री ताईला निरोप गेला. लिपी रोमन, पण शब्द मराठी : "जेवलीस का?"

असे फोन आता दुकानांत क्वचितच दिसतात. तरीही वडीलधाऱ्यांसाठी एखादी वस्तू घेताना, त्यांच्या हातांना आधीपासून काय ठाऊक आहे, हे मी प्रथम पाहतो.