तीमथ्याचं पोट

चि. बाळास,
आत्याचा सलाम.

तू पाठवलेलं प्रवचनाचं रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. पहिल्यांदा मेथी निवडता निवडता, दुसऱ्यांदा मेथी बाजूला सारून. आवाज छान लागला होता, अगदी दादासारखा. पण एकोणिसाव्या मिनिटाला तू खजिनदारांचं नाव घेतलंस आणि मागं कुठंतरी बाकडं करकरलं. कोण उठलं रे? ते स्वतः, की त्यांची बायको? तुझ्या मेसेजमध्ये त्याबद्दल एक अक्षर नाही. विचारलंयस काय, तर पुढच्या रविवारी हाच मुद्दा लावून धरायला उतारा कुठला घेऊ, १ तीमथ्य ५ की तीत १.

उतारा सांगते. आधी थोडं ऐकून घे.

५:२० तू घेतलंस, पाप करणाऱ्याची सर्वांदेखत कानउघाडणी करण्याचं. त्याच्या डोक्यावरचं एकोणिसावं वाचलंस? मंडळीतल्या वडिलांवरचा आरोप दोन-तीन साक्षीदारांवाचून ऐकूनच घ्यायचा नाही, असं आहे तिथं. अध्यायाची सुरुवातच मुळी वडीलधाऱ्याला टाकून बोलू नये, बाप समजून समजवावं, अशी आहे. आणि विसाव्याच्या खाली तीनच वचनं गेलास तर तोच लिहिणारा म्हणतो की नुसतं पाणी पीत बसू नको, पोटासाठी थोडा द्राक्षारस घेत जा. तीमथ्याचं पोट दुखायचं! मला तर वाटतं, चारचौघांत कुणाला तरी बोलावं लागणार या विचारानंच दुखत असणार. (आता सेमिनरीतलं काढू नकोस, की हे पत्र पौलाचं की त्याच्या शिष्याचं. असू दे वाद. पोट कुणाचं तरी दुखत होतं ना.) तुझं दुखलं का रे शनिवारी रात्री?

या आकड्यांनीच सगळा घोळ केलाय, हे मी तुला तू चौथीत होतास तेव्हापासून सांगतेय. रोबेर एतिएन नावाच्या फ्रेंच मुद्रकानं १५५१ साली नव्या कराराला वचनांचे आकडे घातले. तोवर जवळजवळ दीड हजार वर्षं पत्रं पत्रांसारखी होती. मंडळी जमायची, कुणीतरी उभं राहून सलामापासून शेवटच्या निरोपापर्यंत वाचून दाखवायचं. आणि आम्ही? कॅलेंडरच्या पानासारखं रोज एक वचन टरकावतो. बाबांचं पत्र आलं की आई त्यातली एक ओळ वाचून उरलेलं पेटीत ठेवायची का? तुला ती पत्र्याची पेटी आठवत असेल.

तर पुढच्या रविवारी २ करिंथ वाच. सगळं. तेरा अध्याय, मोठ्यानं वाचायला पाऊण तास लागतो, मी घड्याळ लावून पाहिलंय. प्रवचन नको.

त्यात काय आहे ते तुला माहीत आहे, पण तू ते कुण्या दुसऱ्याच्या गोष्टीसारखं वाचतोस. पौलानं करिंथकरांना एक खरमरीत पत्र धाडलं होतं, रडत लिहिलेलं. आज ते आपल्या हाती नाही. पण ते गेल्यानंतर या माणसाचं काय झालं, हे दुसऱ्या पत्रात दिसतं. त्रोवसात कामाला दार उघडलं होतं, लोक ऐकायला तयार होते. पण करिंथची खबर आणणारा तीत तिथं भेटला नाही, म्हणून पौलाचं चित्त लागेना. चालू काम सोडून हा मासेदोनियाला निघाला. लिहिलं याचं मध्यंतरी वाईटही वाटलं, असं कबूल करतो. आणि ज्याला मंडळीनं शिक्षा केली त्याच्याबद्दल म्हणतो, झालं तेवढं पुष्कळ झालं. आता त्याला जवळ घ्या, नाहीतर दुःखातच बुडून जायचा.

तुझ्या मेसेजमध्ये मला त्रोवस कुठं दिसलं नाही, बाळ.

आणि पैशाचं. तेही त्याच पत्रात आहे, आठव्या अध्यायात. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी गोळा केलेली रक्कम न्यायची होती. पौलानं तीताबरोबर दुसरा भाऊ दिला, तोही मंडळ्यांनी निवडलेला; का, तर एवढ्या पैशावरून कुणाला बोट दाखवायला जागा नको. म्हणजे प्रेषितानं स्वतःवरसुद्धा एकट्यावर पैसा ठेवला नाही! आपल्याकडं? सुगीच्या सणाला आले होते तेव्हा पाहिलंय मी. उपासना सुटली, तू आणि पंच बाहेर चहाला, आणि तो माणूस वेस्ट्रीत एकटा. नाण्यांच्या दहा-दहाच्या चवडी लावत होता. चुरगळलेल्या नोटा मांडीवर घासून सरळ करत होता. हिशेब शाळेच्या जुन्या वहीत, तोही पेन्सिलीनं. पेन्सिलीनं! शेजारी दुसरी सही नाही. असं अकरा वर्षं. आणि हिशेबातली तूट त्याच्या मुलीच्या ऑपरेशनच्या वर्षापासून आहे, हे तूच सांगतोस. त्या वर्षी पंचांपैकी कोण गेलं होतं दवाखान्यात?

तू म्हणशील, पॉलिकार्पनंही नाव घेतलं होतं. घेतलं. ओट्यावर बसून तूच मला ते वाचून दाखवलं होतंस, त्या मे महिन्यात. दुसऱ्या शतकातला स्मुर्ण्याचा हा बिशप फिलिप्पैकरांना लिहितो. तिथला वालेन्स नावाचा वडील पैशाच्या लोभापायी गेला होता, बायकोचंही नाव त्यात होतं. पण पॉलिकार्प आधी त्या दोघांसाठी हळहळतो. मग मंडळीला सांगतो की त्यांना वैरी धरू नका, आजारी अवयव आहेत, परत आणा. हे वाचताना तुझा आवाज बसला होता तेव्हा. परवा बसला नाही.

फिलेमोनाला तर पौलानं अनेसिमाचं देणं आपल्या नावावर मांडायला सांगितलं, स्वतःच्या हातानं लिहून. तूट नक्की किती आहे? सहज विचारतेय.

मी हे कुठल्या तोंडानं सांगते, ते तुला ठाऊक आहे. सातवी ब. सहलीचे पैसे. प्रार्थनेच्या रांगेत मी त्या पोरीचं नाव घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. पैसे तिनंच घेतले होते, त्यात माझी चूक नव्हती. पण मी तिच्या घरी गेले नाही. उद्या जाऊ, परवा जाऊ, म्हणता म्हणता त्यांनी बिऱ्हाडच हलवलं.

म्हणून म्हणते, रविवारची वाट पाहू नकोस. बुधवारीच खजिनदारांच्या घरी जा. मोटरसायकल लांब लाव, तिचा आवाज सगळी वस्ती ओळखते. पंचांना नेऊ नकोस. आत बोलावलं नाही तर उंबऱ्याशी बस. त्यांची ती साखरेची गोळी वेळेवर घेतली जाते का, ते बायकोला विचार. बाई महिला मंडळाला आल्या नाहीत ना या आठवड्यात? मला वाटलंच. त्या घरात चूल पेटते की नाही, कुणी बघितलंय का रे?

परतलास की फोन कर, कितीही रात्र होऊ दे. मी जागीच असते.

तुझा तपकिरी स्वेटर इथंच खुंटीवर राहिलाय, आणि ती पुस्तकंही. थंडी पडायच्या आत येऊन जा.

तुझी,
आत्या