खाडीचा बांध कोणी घातला?

मध्यंतरी एका कार्यकर्ता शिबिरात मी खाडी आणि कांदळवनावर बोललो. बोलून झाल्यावर एका तरुणाने सरळ प्रश्न केला, "दादा, झाडं, पक्षी, खेकडे हे पोट भरलेल्या लोकांचे विषय आहेत. आपल्या वस्तीत अजून नळाला पाणी नाही. आपण यात कशाला पडायचं?" सभागृहात टाळ्या पडल्या. प्रश्न प्रामाणिक होता. पर्यावरण म्हणजे रविवारी गळ्यात दुर्बीण अडकवून येणाऱ्यांचा छंद, असंच आपल्याला आजवर दाखवलं गेलं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी रायगडच्या खारपट्ट्यातला. पेण-अलिबागकडचा हा भाग गाडीतून पाहणाऱ्याला हिरवा, सपाट आणि शांत दिसतो. पर्यटनाच्या जाहिराती त्याला 'निसर्गाची देणगी' म्हणतात. ही देणगी निसर्गाने दिलेली नाही. भातशेतीची ही जमीन एकेकाळी भरतीच्या पाण्याखाली होती. माणसांनी बांध घालून ती समुद्राकडून काढून घेतली. ओहोटीला पाणी उतरलं की खाडीच्या पोटातला चिखल कापायचा, त्याचे गठ्ठे डोक्यावरून, हातोहात वर द्यायचे, थरावर थर रचायचे. बांधाला जागोजागी उघाडी. उघाडीची दारं भरतीच्या दाबाने आपोआप बंद होतात आणि ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. ना यंत्र, ना इंधन. उधाणात बांधाला खांड पडली की सगळं गाव रात्रीही धावायचं, कारण खारं पाणी आत आलं की दोन-तीन वर्षं ती जमीन भात देत नाही. खांड बुजवण्याचं मोठं काम भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमी-नवमीच्या आसपास घ्यायचं. तेव्हा भरतीला जोर नसतो. माझ्या आजोबांना अक्षरओळख नव्हती, पण चंद्र पाहून पाणी किती वाजता कुठवर चढेल हे ते सांगायचे. आजीला कालवं कोणत्या खडकावर, चिंबोरी कोणत्या बिळात आणि निवटे कोणत्या चिखलात मिळतील हे पाठ होतं. याला कोणी जलव्यवस्थापन म्हटलं नाही, जैवविविधतेचं ज्ञान तर नाहीच. 'खाडीत चिखल तुडवणारी माणसं' एवढीच आमची नोंद.

आणि जमीन कोणाच्या नावावर? खोताच्या, सावकाराच्या. चिखल ज्याच्या डोक्यावर होता तो कूळ, नाहीतर कुळाकडचा मजूर. याच खारपट्ट्यात 1933 साली चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला आणि तो 1939 पर्यंत चालवला. संपावर बसलेले बहुसंख्य आगरी कुळं होती. बाबासाहेब त्यांच्या पाठीशी उभे राहिले, 1934 मध्ये चरीला आले आणि 17 सप्टेंबर 1937 रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. पुढच्या जानेवारीत हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिलवर चालून गेले. खोती कायद्याने संपायला मात्र 1949 उजाडलं. आमच्याकडची जुनी माणसं सांगायची की संपाच्या वर्षांत शेतं पडीक होती तेव्हा खाडीनेच जगवलं. मासळी, चिंबोऱ्या, जळाऊ लाकूड. खाडी कोणाच्या सातबाऱ्यावर नव्हती, म्हणून तिच्यावर कोणाला खंड लावता आला नाही. या लढ्याचा इतिहास आपण खोतीचा म्हणून सांगतो, ते बरोबरच आहे. पण त्यात खाडीही होती, हे सांगायचं राहून जातं.

पाण्याला जात नसते असं म्हणणाऱ्याला महाड दाखवावं. चवदार तळ्यावर गुरं पाणी पीत होती, माणसांना मनाई होती. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी ती मनाई मोडली, आणि तळं सर्वांना खुलं असल्याचा उच्च न्यायालयाचा निकाल यायला 1937 साल लागलं. हे तुम्हाला पाठ आहे, म्हणून पुढे जातो.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. निसर्गावरच्या लेखांत गिधाडाला हमखास 'निसर्गाचा सफाई कामगार' म्हणतात. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांचं मांस खाऊन देशभर गिधाडं मेली, 2006 मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, श्रीवर्धन-म्हसळ्याकडे त्यांची घरटी वाचवण्याचं चांगलं काम झालं. सगळं खरं आणि मोलाचं. पण मेलेलं जनावर गावाबाहेर ओढून कोण नेत होतं, या प्रश्नाला त्या लेखांत एक ओळसुद्धा नसते. पक्ष्याला कौतुकाने दिलेलं ते नाव माणसाच्या कपाळावर जन्मतःच कोरलं जात होतं. मृत मांस सोडा, हे सांगणाऱ्या महाडच्या परिषदेला किती वर्षं झाली, याचा हिशेबही हे लेखक ठेवत नाहीत.

आता त्या तरुणासाठी एक नाव. कल्लेन पोक्कुडन. केरळच्या कण्णूर जिल्ह्यातल्या पुलय समाजात 1937 साली जन्मलेला शेतमजूर, शाळा दुसरीतच सुटलेली. पळयंगाडीच्या नदीकाठी बांधावरून शाळेत जाणारी मुलं पावसाळ्यात वाऱ्याने आणि लाटांनी हैराण व्हायची, बांधही खचायचा. या माणसाने 1989 मध्ये तिथे कांदळाची पाचशेएक रोपं लावली. लोक हसले. कांदळाचं बी झाडावरच रुजतं, त्याची लांबट शेंगेसारखी रोपं चिखलात उभी खोचली की झालं. झाडं वाढली, वारा अडला, मुळांत मासळी वाढू लागली. पुढे देशोदेशीचे अभ्यासक त्याच्याकडे शिकायला आले. 2015 मध्ये तो गेला. कांदळातल्या आपल्या आयुष्यावर त्याने मल्याळममध्ये आत्मकथन लिहिलं आहे. आपल्या किती वाचनालयांत पोक्कुडन हे नाव तरी माहीत आहे?

आपल्याकडचा पेच अधिक अवघड आहे, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाची तोड हा जगण्याच्या मूलभूत हक्कावरच घाला ठरवला. निकाल योग्यच होता. पण खारपट्ट्यात बांधांची वेळेवर डागडुजी झाली नाही, खांडी पडल्या, खारं पाणी शेतात शिरलं आणि शेतातच तिवर उगवली. आता ती तोडता येत नाही आणि भातही पिकत नाही. लहान शेतकऱ्याने काय करायचं? त्याला 'पर्यावरणाचा शत्रू' म्हणणं सोपं आहे. उलट भराव टाकून गोदामं आणि इमले उभे करणाऱ्यांना परवानगीची वाट सापडते, हे आपण रोज पाहतो. शेतात तिवर आली म्हणून मी तिवरीला दोष देणार नाही. बांध का फुटला आणि तो वेळेत का बुजवला नाही, हे विचारेन. ज्याची जमीन गेली त्याला भरपाई मिळाली पाहिजे, त्या कांदळाची राखण आणि त्यातली मासळी याच लोकांच्या हातात राहिली पाहिजे, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. ती दुर्बीणवाले करणार नाहीत. त्यांच्या काकाची जमीन त्यात गेलेली नाही.

आणि वस्तीत नळाला पाणी नाही, म्हणून खाडीत पडायचं नाही? ज्या वस्तीला नळ नाही तीच वस्ती बहुधा सर्वांत खोलगट जागेवर असते. उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला, उघाडी उघडली नाही, की पाणी आधी आपल्या चुलीत शिरतं. काठावरची कांदळं गेली की लाटेचा मार थेट बांधावर.

एक काम सांगतो, त्याला पैसे लागत नाहीत. जैवविविधता कायदा 2002 चा आहे. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने गावाची लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. पंचायतीत जा, ती वही मागा. समितीत आपल्या वस्तीतलं कोण आहे ते पाहा. निवटे, कालवं, जिताडा, बोईट, राता भात यांच्या नोंदी आहेत का, आणि माहिती देणाऱ्याच्या रकान्यात कोणाचं नाव आहे ते वाचा. नसेल तर वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांना घेऊन खाडीवर जा आणि त्या सांगतील ते लिहून घ्या, त्यांच्या नावानिशी. आमच्याकडे दोघीतिघीच उरल्या आहेत. त्यांतल्या एकीला आता ओहोटीला खाली उतरवत नाही, पण बांधावर बसून ती बोटाने जागा दाखवते.