आळंदच्या बाजारातला रशियन

अकरावीच्या वर्गाला रशियाचा आरंभीचा इतिहास सांगायचा, तर रीतसर सुरुवात रुरिकपासून होते. इतिवृत्तांनुसार तो 862 साली नोव्हगोरोदला आला, मग 988 मध्ये व्लादिमिरनं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. फळ्यावर एवढं लिहीपर्यंत मागच्या बाकांवर जांभया सुरू. आमच्या सोलापूरच्या पोरांना त्या नोव्हगोरोदचं काय पडलंय?

म्हणून मी उलटीकडून निघालो. बहमनी राज्य शिकवत असताना अफनासी निकितीनला वर्गात आणलं. हा टव्हेरचा व्यापारी 1470 च्या आसपास एक घोडा घेऊन चौलला उतरला. जुन्नरच्या सुभेदारानं, असदखानानं, घोडा काढून घेतला आणि मुसलमान झालास तर परत देतो म्हणाला. एका खुरासानी माणसानं रदबदली केली, म्हणून निभावलं. पुढे बीदरला त्यानं तो घोडा विकला. शेख अलाउद्दीनच्या नावानं आळंदला भरणाऱ्या घोड्यांच्या बाजाराचंही वर्णन त्यानं लिहून ठेवलंय.

"सर, आळंद म्हणजे अक्कलकोटच्या पलीकडचं? आमची आज्जी तिथं उरुसाला जाती की!" एक मुलगी उठून म्हणाली. तिथून तास माझ्या हातात राहिला नाही.

एवढ्या लांब हा आलाच कशाला? वाटेत आस्त्राखानजवळ तातारांनी त्याला लुटलं होतं, हात हलवत परतण्याची सोय नव्हती. व्होल्गावर तातार कुठून आले? मग बातूखानाची स्वारी आणि 1240 मध्ये उद्ध्वस्त झालेलं कीव्ह सांगावं लागलं. "पण कीव्ह तर युक्रेनमध्ये!" बरोबर. व्लादिमिर तिथूनच राज्य करायचा, आणि त्या वारशावर आज दोन्ही देश हक्क सांगतात. तिसऱ्या इव्हाननं मॉस्कोसाठी टव्हेर जिंकलं ते 1485 मध्ये, निकितीन गेल्यानंतर. "म्हणजे तेव्हा त्याचं गाव मॉस्कोचं नव्हतंच," मागच्या बाकावरून आवाज आला. हेच मला हवं होतं. देश नकाशावर आयता छापून येत नाही, हे त्या पोरानं माझ्या आधी सांगितलं.

मागं मागं जात रुरिकपर्यंत पोचलो, तेव्हा सनावळी कुणाला जड गेली नाही. परक्या देशाचा इतिहास आपल्या शिवेवरून सुरू करावा, असं माझं आता पक्कं मत आहे.

निकितीन घरी पोचला नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. त्याचं स्मारक चौलशेजारच्या रेवदंड्यात आहे. शाळेची सहल अलिबागला काढाल, तेव्हा तिथं जरूर थांबा.