दोरीवरचीं चित्रें

आमच्या ओसरीला चुना देऊन दोनच वर्षें झालीं, असें सांगितलें तर आल्यागेल्याला पटत नाहीं. कमरेएवढ्या उंचीपर्यंत ती भिंत निळ्या बैलांनीं, तांबड्या झाडांनीं आणि एका हिरव्या आजोबांनीं व्यापली आहे. ते आजोबा म्हणजे मीच! भिंतीच्या वरच्या अंगाला एक सुतळी बांधली असून, कपड्यांच्या चिमट्यांनीं तिला कागदांवरचीं चित्रें लटकविलेलीं असतात.

माझ्या मुलीनें आपल्या दोन मुलांना शाळेंत न घालतां घरींच शिकवावयाचें ठरविलें, तेव्हांपासून हा थाट आहे. मी २५ वर्षें अंबाजोगाईस कॉलेजांत इंग्रजी शिकवीत आहें. परीक्षेवांचून विद्या येते, यावर माझा विश्वास बसणें कठीणच होतें. दर शनिवारीं सायंकाळीं आमच्याकडे 'प्रदर्शन' भरतें. मूल आठवड्यांतलें एक चित्र स्वतः निवडतें, दोरीला लावतें आणि त्याबद्दल चार वाक्यें बोलतें. मग शेंगदाण्याचे लाडू. पहिल्याच शनिवारीं मीं नातवाला विचारलें, "बैल कधीं निळा असतो का रे?" तो म्हणाला, "तो पावसात उभा आहे ना!" मीं निमूटपणें लाडू उचलला.

त्या रात्रीं मला माझें लहानपण आठवलें. योगेश्वरीची पालखी मीं कोळशानें माजघराच्या भिंतीवर काढली होती, आणि वडिलांनीं ती माझ्याच हातून ओल्या फडक्यानें पुसविली होती. वडील दुष्ट नव्हते. भिंत स्वच्छ असावी, एवढेंच त्यांचें म्हणणें. पण त्यानंतर माझ्या हातून पालखी कधीं उतरली नाहीं. गंमत अशी, कीं ज्या गांवांत ती भिंत पुसली गेली, त्याच गांवानें दासोपंतांची पासोडी चार शतकें जपली आहे. १६१५ सालीं निवर्तलेल्या या सत्पुरुषानें सुमारें ४० फूट लांब व ४ फूट रुंद कापडावर 'पंचीकरण' लिहून ठेवलें. त्यांतला वेदान्त मला पुरता उमगत नाहीं. पण मनांतलें सांगावयास ऐसपैस जागा लागते, एवढें मात्र उमगतें. व्हिएन्नांत फ्रान्झ सिझेक यांनीं १८९७ सालीं मुलांचा चित्रवर्ग काढला, तोहि मुलांचें चित्र ही त्यांची स्वतंत्र कला आहे, याच श्रद्धेवर.

तरीहि कौतुकाचें एक भय असतेंच. टाळ्यांची संवय लागतांच नातू रेघ ओढण्यापूर्वीं आमच्या तोंडांकडे पाहूं लागला. ज्या बैलाला वाहवा मिळाली, तोच बैल पुन्हां पुन्हां अवतरूं लागला. शेवटीं मुलीनें टाळ्या बंद केल्या. 'छान' म्हणण्याऐवजीं 'येथें काय चाललें आहे?' असें विचारावयाचें ठरलें.

गेल्या पावसाळ्यांत जवळच्या वस्तींतली सात-आठ वर्षांची एक मुलगी प्रदर्शनाला येऊं लागली. तिचे आईबाप ऊसतोडीला जाणारे. मुकादमाची उचल घ्यावयाची, दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड गाडींत भरावयाचें, आणि पश्चिम महाराष्ट्रांत किंवा कर्नाटकांत कारखान्याजवळ कोपी घालून उन्हाळ्यापर्यंत राहावयाचें, हा बीड जिल्ह्यांतल्या लाखों माणसांचा क्रम आहे. तिनें काढलेल्या कोपीला भिंतच नव्हती. पाचटाचा उतार थेट जमिनीला टेकलेला. निघावयाच्या आदल्या दिवशीं तिनें विचारलें, "आजोबा, आम्ही कारखान्याला गेल्यावर माझं चित्र उतरवताल का?"

मीं उत्तर देण्यापूर्वींच नातवानें आपला लाडका निळा बैल काढला आणि दोरीच्या मधोमध ती कोपी लावली. पुढें कितीतरी शनिवार आले नि गेले. बाकीचीं चित्रें बदललीं. कोपी हलली नाहीं. धुळीनें कागद पिवळा पडला. वैशाखांत ती मुलगी परत आली, तेव्हां ओसरीवर पाऊल टाकतांच तिनें वर पाहिलें. टाळ्या कोणी वाजविल्या नाहींत. ती नुसती हंसली आणि खालीं बसून कोरा कागद मागूं लागली.

ही दोरी कौतुकासाठीं बांधलेली आहे, अशी माझी समजूत होती. पण आपण नसतांना आपली जागा कोणी राखली आहे, ही खात्री मुलाला स्तुतीपेक्षांहि अधिक हवी असावी. यंदा दिवाळीपूर्वीं घराला पुन्हां चुना द्यावयाचा आहे. ओसरीपुरतें मीं रंगाऱ्याला आतांच बजावून ठेवलें आहे: कमरेच्या वरच हात चालवावयाचा!