मागून येणारी गाडी

आम्ही मोहगावच्या शाळेतली मुलं. आमच्यातले बरेच जण आसपासच्या खेड्यांतून सायकलने येतो. दुसऱ्या गावी शिकायला जाणाऱ्या सहावी-नववीच्या मुलांना आपल्या मध्य प्रदेशात शासनच सायकल देतं. घरून निघताना रोज एकच सूचना मिळते, "कडेनं जा."

पण नुसतं कडेनं जाऊन भागत नाही. पेंटियम चिप घडवण्यात ज्यांचा वाटा होता, ते अवतार सैनी २८ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे नवी मुंबईत नेरूळला सोबत्यांसह सायकल चालवत होते. मागून भरधाव टॅक्सी आली आणि ते गेले.

देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत साडेचार हजारांहून जास्त सायकलस्वार होते. सगळ्यात मोठं कारण वेग. मागचं आपल्याला दिसत नाही, म्हणून मागच्याला आपण दिसायला हवं. मडगार्डला लाल रिफ्लेक्टर आणि अंगात उजळ कपडे हवेत. ट्रकच्या डावीकडून घुसू नये. वळताना चालकाला तिथलं दिसत नाही.

एवढं आम्ही करू. वेग मात्र बाबांच्या, काकांच्या, दादाच्या हाती आहे. शाळा सुटायच्या वेळी गाडी हळू चालवा, एवढंच मागणं.